माळरानावरची दुर्मिळ फुलपाखरं आणि त्यांचे शेजारी पक्षी : नेहमी येणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एका जागी ठेवतोय. इथे लिहिलेलं सगळं दख्खनच्या माळांबद्दल आहे, म्हणजे सासवड-जेजुरीपासून मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूर, पुढे सोलापूर-नान्नज आणि इकडे नगर जिल्ह्यातलं कर्जत-रेहेकुरी. फुलपाखरांची इंग्रजी नावं ठेवलीत कारण फील्डवर सगळे तीच बोलतात, पक्ष्यांची मात्र मराठीच.

१. माळावर खरंच फुलपाखरं असतात का? आम्हाला तर नुसतं वाळकं गवत आणि दगड दिसतात.

असतात, फक्त ताम्हिणी-आंबोलीसारखी मोठी, चमकदार, डोळ्यासमोर नाचणारी नसतात. माळावरची बरीचशी मंडळी नखाएवढी, जमिनीपासून वीतभर उंचीवर उडणारी, आणि उभं राहून बघितलं तर दिसतच नाहीत. गाडीतून उतरून शंभर पावलं चालून "इथे काही नाही" म्हणणारी पब्लिक मी भरपूर बघितलीय. खाली बसा, दहा मिनिटं एकाच जागी बसा, मग बोलू.

आणि ते वाळकं गवत म्हणजे पडीक जमीन नाही. सरकारी नकाशात बऱ्याच माळांवर वेस्टलँड असा शिक्का आहे हे खरंय, पण वर्षाला ४०० ते ७०० मिमी पाऊस पडणाऱ्या भागात गवत, काटेरी झुडपं आणि मधेमधे उघडी मुरमाड जमीन हीच तिथली नैसर्गिक अवस्था आहे. जंगल कापून माळ झालाय असं प्रत्येक ठिकाणी समजू नका. (याचा झाडं लावण्याशी संबंध आहे, प्रश्न १७ बघा.)

२. जायचं कधी? कुठला महिना बेस्ट?

फुलपाखरांसाठी ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. सोलापूर-इंदापूर पट्ट्यात सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा, तो झाला की पंधरा-वीस दिवसांत माळ पालटतो आणि ऑक्टोबरची सुरुवात फुल्ल असते. सप्टेंबर हा देशभर बिग बटरफ्लाय मंथ म्हणून साजरा होतो, त्यामुळे त्या वेळी सोबतही मिळते.

पक्ष्यांचं गणित वेगळं. चातक पावसाच्या तोंडावर येतो, चंडोल-लावे पावसाळ्यात ऐन भरात, आणि भोवत्या (हॅरियर, गवतावरून फिरणारे पाहुणे शिकारी पक्षी) सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दोन्ही एकत्र हवं असेल तर ऑक्टोबर डोळे झाकून निवडा, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, फुलपाखरं अजून आहेत आणि भोवत्या नुकतेच पोचलेत.

३. एकाच सकाळी पक्षी आणि फुलपाखरं दोन्ही होतात का? की वेगळी ट्रिप करावी?

होतात, टायमिंग जमवलं की. उजाडायच्या आधी माळावर पोचा, पहिले दोन-अडीच तास पक्ष्यांना द्या. फुलपाखरांना ऊन लागतं, पंख तापल्याशिवाय ती नीट उडत नाहीत, त्यामुळे साडेआठ ते साडेअकरा हा त्यांचा टाइम. खरी मजा मधल्या अर्ध्या तासात आहे, साडेआठच्या आसपास, तेव्हा फुलपाखरं गवताच्या काडीवर पंख उघडून ऊन खात बसतात आणि हलत नाहीत, फोटो काढायचे ते तेव्हाच काढून घ्या. बाराच्या पुढे तुम्ही पण थकता आणि तीही सावलीला जातात.

ढगाळ दिवस असेल तर फुलपाखरांची आशा सोडा आणि पक्षी बघा.

४. दुर्मिळ म्हणजे नक्की कुठली? यादी द्या ना.

यादी देतो पण आधी एक गोष्ट. माळावर "दुर्मिळ" म्हणजे बऱ्याचदा "एका जागेला चिकटलेलं". एका टेकाडावर दहा दिसतील आणि पुढच्या पाच किलोमीटरमध्ये एकही नाही, कारण अळीचं झाड त्या टेकाडावरच आहे.

माझ्या दृष्टीने माळाचा खरा हिरो जोकर. वरून नारिंगी, त्यावर काळी नक्षी, मध्यम आकार, गवताच्या वर हातभर उंचीने तरंगत जातो आणि काडीवर किंवा जमिनीवर पंख पसरून बसतो. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भारतात आणि श्रीलंकेत आहे, पण आपल्याकडे कोरड्या उघड्या माळाबाहेर सहसा दिसत नाही. अळी ट्रॅजिया नावाच्या बारक्या वेलीवर वाढते, जिला हात लागला की आग-आग होते. म्हणजे जोकर शोधताना कोपराला खाज सुटली तर वैतागू नका, तुम्ही योग्य जागी आहात.

मग अरब आणि टिप मंडळी : स्मॉल सॅल्मन अरब, व्हाइट अरब, क्रिमझन टिप, प्लेन ऑरेंज टिप, स्मॉल ऑरेंज टिप. स्मॉल सॅल्मन आणि व्हाइट अरब पिलूच्या झाडाशी बांधलेले, बाकीचे कॅडाबा-मेरुआसारख्या कॅपर कुळातल्या झुडपांशी. जिथे जुन्या काटेरी झुडपांचं बेट शिल्लक आहे तिथेच बघा.

ग्रास ज्वेल तितकं दुर्मिळ नाही पण बघितलेले लोक दुर्मिळ आहेत! भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक, शर्टाच्या बटणाएवढं. इंडिगोफेराच्या (निळीच्या जातकुळीतलं रोप) जमिनीवर पसरलेल्या फांदीवर बसलं की मागच्या पंखाच्या कडेला काळे ठिपके, त्यांना नारिंगी टोपी, आणि ठिपक्याच्या आत हिरवट-निळी धातूसारखी चमक. पंख मिटून मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासत बसतं, ते बघायला दुर्बीण उलटी धरून भिंगासारखी वापरली तरी चालते.

याशिवाय बाभळीच्या शेंड्यावर फिरणारे बाभूळ ब्लू, बोरीवरची सिल्व्हरलाइन, अंबाडी-जास्वंदीच्या कुळातल्या रानटी झुडपांवरची इंडियन स्किपर, आणि डॅनाइड एगफ्लाय. शेवटच्याची वेगळी भानगड आहे, प्रश्न १२.

५. शोधायचं कसं? नुसतं फिरत राहायचं का?

नाही. आधी झाड शोधा, मग फुलपाखरू आपोआप. हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल.

म्हणजे काय, तर माळावर पोचलात की पहिलं काम फुलपाखरामागे धावणं नाही, जमिनीकडे बघणं. घोळ कुठे उगवलीय (डॅनाइड एगफ्लाय), रुई कुठे आहे (प्लेन टायगर), रतनपुरुषाची जांभळी एकच पाकळी कुठे दिसतेय (टॉनी कॉस्टर), कोरांटी फुललीय का (यलो पॅन्सी), कुंपणाला चित्रक आहे का (झेब्रा ब्लू), हिवर आहे का (ब्राइट बाभूळ ब्लू), टेंभुर्णीची झुडपं आहेत का (बॅरोनेट). ते सापडलं की तिथे थांबा. मादी अंडी घालायला येते ती ओळखू येते : फुलावर बसत नाही, पानापानावर क्षणभर टेकते, पाय लावून चव घेतल्यासारखं करते, पोट वाकवते आणि पुढच्या पानावर. अशी मादी दिसली की तिच्या मागे जाऊ नका, ती गेल्यावर ते पान बघा, अंडं तिथे असेल.

दुसरी जागा ओल. ओढ्याच्या कडेची ओली वाळू, शेततळ्याची कड, मेंढरं बसून गेलेली जागा. बाभूळ ब्लू एरवी शेंड्यावर असतात, फोटो कुठून मिळणार, पण क्षार चोखायला खाली ओल्या वाळूवर उतरतात तेव्हा अगदी हाताशी येतात.

तिसरी जागा टेकाडाचा माथा. काही जातींचे नर उंचवट्यावर जागा पकडून बसतात आणि जो येईल त्याला हाकलतात, फुलपाखरू असो, नाकतोडा असो.

६. मला झाडं-झुडपं ओळखता येत नाहीत, मग काय?

वर दिलेल्यातली पाच शिका. घोळ आणि रुई तर सगळ्यांना येतात, घोळीची भाजी आई-आजीने केलेली असतेच. बोर आणि बाभूळ येते. राहिली एक इंडिगोफेरा. झालं.

खात्री नसेल तर पान, फूल आणि अख्खं झुडूप असे तीन फोटो काढा आणि आयनॅचरॅलिस्टवर (फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायची वेबसाइट) टाका. धनगर मामा भेटले तर त्यांना विचारा, मेंढी काय खाते आणि काय सोडते हे ज्याला रोज बघावं लागतं त्याचं झाडांचं ज्ञान पक्कं असतं.

७. सोबत कुठले पक्षी दिसतील? नवख्या माणसाला ओळखता येतील असे सांगा.

सगळ्यात आधी डोंबारी. चिमणीएवढा, नराचं पोट काळं, हवेत वर जातो आणि शीळ घालत खाली सूर मारतो, जमिनीला लागणार असं वाटत असतानाच परत वर. दुसरा मुरारी, तांबूस शेपटीचा चंडोल, दगडावर बसून दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. तिसरा तुरेवाला साइक्सचा चंडोल, हा आपल्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच नाही. कर्नल साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांचं काम छापलं त्यात त्याचं वर्णन आहे, म्हणजे हा पक्ष्यांमधला अस्सल दख्खनी.

मग माळटिटवी (डोळ्यांपुढे पिवळी कातडी लोंबणारी, नेहमीच्या टिटवीपेक्षा शांत), धाविक, पखुर्डी, तित्तर, करवानक, वेडा राघू, खाटीक, कोतवाल, नीलपंख. हिवाळ्यात काटेरी झुडपाच्या टोकावर बसलेला गप्पीदास आणि गवतावरून कमी उंचीने तरंगत जाणारे भोवत्या. आकाशात एका जागी लटकून खाली बघणारा मोठा पांढुरका शिकारी दिसला तर तो बहुतेक सापमार गरुड.

धाविक बघायचा असेल तर उंच गवतात जाऊ नका. चरून तोकडी झालेली, मुरूम दिसणारी जमीन बघा. थोडा धावतो, थांबतो, वाकतो, परत धावतो. थांबला की दिसत नाही.

८. नान्नजला गेलो तर माळढोक दिसेल?

खरं सांगू? त्या आशेने जाऊ नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, तेव्हा कागदावर तब्बल ८,४९६ चौ.किमी. होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, आणि पुढे ते कमी करत सुमारे १,२२२ चौ.किमी.वर आणलं. पक्षी मात्र त्याहून वेगाने कमी झाले. आज देशात माळढोक उरलेत ते दीडशेच्या आसपास आणि बहुतेक सगळे जैसलमेर भागात. विजेच्या तारा हा त्यांचा मोठा शत्रू, जड पक्षी आणि समोरचं नीट न दिसणारी नजर, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तरी नान्नजला जा. काळवीट आहेत, लांडगे आहेत, भोवत्या आहेत, चंडोल तर विचारूच नका. माळढोक नाही म्हणून माळ रिकामा होत नाही.

९. आणि तणमोर?

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तोही नशिबाने. नर गवतातून दीड-दोन मीटर उंच उडी मारतो, दिवसात शेकडो वेळा, त्यामुळेच तो दिसतो, मादी जवळपास नाहीच दिसत. महाराष्ट्रात अकोला-वाशिम पट्ट्याचं नाव यात मुख्य, आणि तिथे फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोर आणि गवताळ माळ राखायचं काम अंगावर घेतलंय, ज्यांची पिढीजात ओळख शिकारी म्हणून सांगितली जायची त्यांनीच. विणीच्या काळात शोधत फिरणं म्हणजे त्रास देणंच, तेव्हा स्वतःहून गवतात घुसू नका.

१०. कुठे जायचं, परवानगी लागते का?

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य (बारामती तालुका, अवघं ५.१४ चौ.किमी.) पुण्याहून सोपं, चिंकारासाठी प्रसिद्ध, सुट्टीच्या दिवशी गर्दी. कर्जतजवळचं रेहेकुरी त्याहून लहान, २.१७ चौ.किमी., काळवीटासाठी १९८० मध्ये झालेलं. इंदापूरचं कडबनवाडी लांडगे-खोकड-भोवत्यासाठी, तिथे वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन. अभयारण्यात गेटवर एंट्री करायची, वनखात्याच्या इतर जमिनीवर स्थानिक वनरक्षकाशी बोलून जायचं. गायरान असेल तर गावात सांगून जा, "राम राम, आम्ही पाखरं बघायला आलोय" एवढं बोललं तरी लोक चहा पाजतात, न बोलता कॅमेरे घेऊन फिरलं तर जमीन बघायला आलेले एजंट समजतात.

गाडी रस्त्यावर ठेवा. माळावर गाडी घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, एका टायरच्या वाटेवरून दुसरा जातो, मग तिसरा, आणि दोन पावसात तिथे ओघळ पडतो.

११. सामान काय? आणि सापांची भीती वाटते.

८×४२ ची दुर्बीण पुरे, पण घेताना दोन मीटरपर्यंत फोकस होते का तेवढं दुकानातच तपासा, नाहीतर पायाजवळचं फुलपाखरू धूसरच दिसेल. कॅमेऱ्याला मॅक्रो असेल तर छान, नसेल तर जवळून फोकस होणारी झूम लेन्स चालते, नुसत्या मोबाइलवरही सकाळच्या थंडीत चांगले फोटो येतात.

कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्या. मोजे लोकरीचे किंवा जाड सुती घालू नका, ऑक्टोबरनंतर कुसळी गवताची कुसळं त्यात स्क्रूसारखी फिरत आत जातात, गाडीत बसून एकेक उपटत बसावं लागतं. गुळगुळीत कापडाचे गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) मिळतात ते घ्या. पाणी दोन लिटर माणशी.

साप आहेत, फुरसं आणि घोणस दोन्ही. घोट्याच्या वरचे बूट, हात टेकताना आधी बघायचं, दगड उलटायचे नाहीत. फोटोसाठी पोटावर झोपणाऱ्यांनो, आधी काठीने गवत हलवा. आणि निघायच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव माहीत करून घ्या.

१२. प्लेन टायगर टाकला तर ग्रुपवर सांगतात हा डॅनाइड एगफ्लाय आहे. फरक काय?

मागचा पंख बघा, बाकी कशाकडे बघू नका. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, डॅनाइड एगफ्लायच्या मादीला एकच, तोही वरच्या कडेला. शिवाय तिच्या पंखाची कड थोडी करवतलेली.

नक्कल का, तर प्लेन टायगरची अळी रुई खाऊन मोठी होते आणि रुईचं विष अंगात साठवते, पक्षी एकदा चव घेऊन परत नादाला लागत नाहीत. एगफ्लायची अळी खाते घोळ, विष शून्य, पण कपडे टायगरचे. नर मात्र अजिबात तसा नाही, काळा, त्यावर जांभळट झाकेचे मोठे पांढरे ठिपके, जागा पकडून भांडणारा. म्हणून नर-मादी एकत्र दिसले तरी लोकांना दोन वेगळ्या जाती वाटतात.

अपवाद : एगफ्लायच्या मादीचा एक प्रकार असा आहे की पुढच्या पंखाच्या टोकाला काळा-पांढरा भागच नसतो, सगळं नारिंगी. तसं काही दिसलं तर "पंख झिजलाय" म्हणून सोडून देऊ नका, फोटो काढा.

१३. जोकर, बॅरोनेट, टॉनी कॉस्टर, सगळेच नारिंगी-काळे. कसे वेगळे करू?

टॉनी कॉस्टर सगळ्यात कॉमन, संथ उडतो, मागच्या पंखाला काळी किनार आणि त्यात पांढरे ठिपके. बॅरोनेट मोठा, वाटेवर जमिनीलगत बसतो, पंख मिटले की खालची बाजू विटकरी, आणि जवळपास टेंभुर्णी असणार. जोकर या दोघांपेक्षा जास्त उघड्यावर, गवतातच. शंका आली की पंखाची खालची बाजू मिळवा, वरची एकटी पुरत नाही. (झाडावरून ओळखायची ट्रिक प्रश्न ५ मध्ये आहे.)

१४. ती छोटी निळी फुलपाखरं सगळी सारखीच दिसतात, डोकं फिरतं.

सगळ्यांचंच फिरतं. वरचा निळा रंग विसरा, पंख मिटलेला फोटो हवा. चार गवती निळ्यांपुरतं सांगतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या कप्प्यात ठिपका आहे? असेल तर पेल ग्रास ब्लू किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर ग्रास ब्लू. आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलाच एक बारका जादा ठिपका दिसला तर टायनी ग्रास ब्लू.

कडेला नारिंगी टोपीवाले ठिपके असतील तर ती ज्वेल मंडळी, आणि तिथेही ग्रास ज्वेल आणि स्मॉल ग्रास ज्वेल अशा दोन जाती आहेत ज्या फील्डवर वेगळ्या करणं जाणकारांनाही जड जातं. तुम्ही फक्त स्वच्छ फोटो काढा आणि नावाच्या जागी "ज्वेल" लिहा, कोणी हसणार नाही.

शिवाय उन्हाळी आणि पावसाळी रूप वेगळं असतं हे विसरू नका. गवतातली रिंग फुलपाखरं कोरड्या दिवसांत पंखाखालच्या गोल रिंगा जवळजवळ पुसून टाकतात, बारीक टिंब उरतं, आणि मग पुस्तकातल्या चित्राशी काही जुळत नाही.

१५. पक्षी या फुलपाखरांना खात नाहीत का? दोघं एका जागी कसे राहतात?

खातात की! वेडा राघू तर डोळ्यासमोर टिपतो, फांदीवर आपटतो, पंख खाली पडतात. त्याच्या आवडत्या फांदीखाली बघा, चतुराचे आणि फुलपाखराचे पंख सापडतील, आणि कुठलं फुलपाखरू माळावर आहे याची ती फुकटची यादी असते. एखाद्या फुलपाखराच्या मागच्या पंखाचा त्रिकोणी तुकडा गायब असेल तर तो चोचीचा घाव. सिल्व्हरलाइनच्या मागच्या पंखाला शेपट्या आणि डोळ्यासारखा ठिपका असतो तो याचसाठी, पक्षी खोट्या डोक्यावर चोच मारतो आणि फुलपाखरू खरं डोकं वाचवून उडून जातं.

पण पक्ष्यांना फुलपाखरापेक्षा अळ्या आणि नाकतोडे जास्त महत्त्वाचे. चंडोल एरवी दाणे टिपणारा असला तरी पिल्लांना किडेच भरवतो, आणि इकडे येणारे मोंटेगूचे भोवत्या हिवाळाभर नाकतोड्यांवर ताव मारतात. शेजारच्या शेतात फवारणी जोरात असेल तर माळावर दोन्ही कमी दिसतात, तेव्हा एका सकाळी काही दिसलं नाही तर आजूबाजूचं पीक पण बघा.

१६. मेंढरं चरतात, वणवा लागतो, याने फुलपाखरं संपत नाहीत का? चराई बंद करायला नको का?

इथे लोक सरळ उत्तर मागतात आणि ते नाही. बेताची चराई माळाला लागते. गवत छातीएवढं वाढून दाट झालं की धाविक, माळटिटवी, ग्रास ज्वेल यांना तिथे काही काम उरत नाही, त्यांना तोकडं गवत आणि उघडी जमीन हवी. उलट लावे, भोवत्यांचा मुक्काम, रिंग फुलपाखरं यांना उंच गवत हवं. म्हणजे चांगला माळ म्हणजे ठिगळाठिगळांचा माळ. सगळा कुंपण घालून बंद केला तरी वाईट, सगळा खरवडला तरी वाईट.

वणव्याचं तसंच. काडीवर, पानाखाली अंडी-कोष असतात ते आगीत जातात, आणि लागोपाठ दरवर्षी अख्खा माळ पेटला तर जवळपासून परत यायला फुलपाखरू उरत नाही. मुद्दाम पेटवू नका, पेटलेला दिसला तर वनखात्याला कळवा.

१७. आमचा ग्रुप पावसाळ्यात माळावर हजार झाडं लावणार आहे, फुलपाखरांसाठी कुठली लावू?

माळावर? नका लावू. प्लीज. हे वाचून काही जण नाराज होतात, होऊ देत.

उघड्या माळावर झाडांच्या रांगा आल्या की जमिनीवर घरटं करणारे पक्षी निघून जातात, कारण त्या झाडांवर कावळे आणि शिकारी पक्षी टेहळणीला बसतात, आणि सावलीने खालचं गवत बदलतं. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावून बिघडवलेले माळ सोलापूर-पुणे पट्ट्यात हवे तेवढे बघायला मिळतील. वेडी बाभूळ तर न लावताच पसरते, काढायचीच असेल हौस तर वनखात्याला विचारून ती काढायच्या कामाला जा.

झाडं लावायचीच असतील तर गावात, शाळेत, रस्त्याकडेला लावा. शेताच्या बांधावर बोर, हिवर, रुई, कोरांटी राहू द्या, आणि पावसाळ्यात घोळ खुरपून टाकू नका, झालं तुमचं बटरफ्लाय गार्डन.

१८. अळी घरी आणून वाढवली तर चालेल का? मुलांना दाखवायचंय.

मुलांना माळावर न्या, तीच अळी तिथे दाखवा. कायद्याच्या अंगाने सांगायचं तर काही अगदी नेहमीची वाटणारी फुलपाखरं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या याद्यांमध्ये आहेत, २०२२ च्या दुरुस्तीने याद्या बदलल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि अभयारण्यातून तर काहीच उचलता येत नाही, वाळलेलं पानसुद्धा. जाळी घेऊन फिरणं परवानगीशिवाय नकोच. घरच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर अळी आली तर तिला तिथेच वाढू द्या, रोज बघा, मुलांना तेवढं पुरतं.

१९. यंदा पाऊसच झाला नाही, तरी जाऊ का?

जा, पण अपेक्षा बदला. गवत उगवलं नाही तर रिंग, स्किपर, ग्रास ब्लू कमी. झुडपांवर वाढणारी मात्र टिकतात, बोर-पिलू-हिवर यांची मुळं खोल, त्यांना थोडी पालवी येतेच, म्हणून कोरड्या वर्षी अरब, सिल्व्हरलाइन, बाभूळ ब्लू यांच्याकडे बघा. आणि पाणी कुठे उरलंय ते शोधा. पखुर्ड्या सकाळी ऊन वर आल्यावर थव्याने पाणवठ्यावर येतात, नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, हे कोरड्या वर्षी जास्त नीट दिसतं. पाणवठ्यापासून लांब, एका जागी बसून बघा, मधे उभं राहिलात तर थवा पाणी न पिताच परत जातो.

२०. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी गेलो, टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती, का?

कारण तुम्ही तिच्या अंड्यांजवळ होता. मार्च ते पावसाच्या सुरुवातीपर्यंत माळटिटवी, धाविक, पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे नुसता खळगा आणि अंडी अगदी मुरमाच्या खड्याच्या रंगाची. टिटवी ओरडली की थांबा, पायाखाली बघा, आणि आलात त्याच पावलांनी मागे फिरा. फोटोसाठी थांबू नका, त्या उन्हात दहा मिनिटं पक्षी उठून गेला तरी अंडं शिजतं.

२१. शेताच्या बांधावर जोकर दिसला, माळावर नाही. हे रेकॉर्ड धरायचं का?

धरायचंच. बांध हा माळाचा उरलेला तुकडा असतो, नांगर फिरत नाही म्हणून जुनी झुडपं तिथे टिकतात. उलट "तुरीच्या शेताचा बांध, ट्रॅजिया दहा फुटांवर" एवढं लिहिलंत तर नुसत्या फोटोपेक्षा ते जास्त कामाचं. मात्र तुरीवर, मटकीवर भिरभिरणारं निळं दिसलं तर ते पी ब्लू किंवा ग्राम ब्लू असायची शक्यता जास्त, उड्या मारू नका.

२२. कोकणातल्या-गोव्यातल्या सड्यांना हेच लागू का?

अर्धंच. सडा म्हणजे जांभा, पाऊस कितीतरी पट, फुलांचा हंगाम पावसातच. माळटिटवी तिकडे पण आहे, पण चंडोल मलबारचा, साइक्सच्या चंडोलापेक्षा मोठा आणि छातीवर जाड रेघा. अरब-जोकर तिकडे शोधत बसू नका. झाड आधी, फुलपाखरू नंतर ही पद्धत मात्र कुठेही चालते.

२३. भारी काहीतरी सापडलं, लोकेशन टाकू का?

फुलपाखरू असेल तर बटरफ्लाइज ऑफ इंडिया किंवा आयनॅचरॅलिस्टवर तारीख-जागेसकट टाका, पंखाच्या दोन्ही बाजू असतील तर उत्तम. आयनॅचरॅलिस्ट संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, बाकीच्यांचं तुम्ही स्वतः करू शकता, ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवरही माळढोक-तणमोरासारख्यांची जागा सगळ्यांना दिसत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन टाकू नका, विशेषतः तीन गोष्टींची : जमिनीवरचं घरटं, लांडगा-खोकडाची गुहा आणि भोवत्यांचा रातमुक्काम. संध्याकाळी भोवत्या एकेक करून ठरलेल्या गवतात उतरतात, ते दृश्य एकदा रीलवर गेलं की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या असतात, हे मी एका जागेचं बघितलंय, नाव अर्थातच सांगणार नाही. रातमुक्काम बघायचा असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचून लांब बसा, आवाज वाजवून बोलवायचं नाही, टॉर्च नाही, ड्रोन नाही, आणि शेवटचा पक्षी उतरल्यावर गवताच्या उलट बाजूने निघा. मोजलेला आकडा मात्र ईबर्डवर नक्की टाका, जागा लपवून.